चष्म्याला आडवा येणारा हेडफोन

माझ्या भाचीच्या होणाऱ्या सासूबाईंचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. "ताई, तुम्ही आयुष्यभर कानाला हेडफोन लावून नोकरी केलीत ना? मग मला एक स्वस्त आणि मस्त हेडफोन निवडून द्या," त्या म्हणाल्या. आपल्याला कोणी जाणकार म्हटलं की मी लगेच फुगते. "कशासाठी हवाय?" असं मी ऐटीत विचारलं, आणि पुढच्या मिनिटभरात हातातली मेथी तशीच राहिली.

त्यांच्या भावाने त्यांना परदेशातून एक यंत्र आणून दिलं होतं. मन शांत करायचं यंत्र. एक छोटी डबी, तिला वायरने जोडलेला काळा चष्मा आणि हेडफोन. चष्म्याच्या आतल्या बाजूला बारीक लाल दिवे. डोळे मिटून पडायचं, मग मिटलेल्या पापण्यांवर दिवे लुकलुकतात आणि त्याच ठेक्यात कानांत आवाज घुमतो. विहीणबाईंना वर्षानुवर्षं झोप नव्हती, ती म्हणे यानेच यायला लागली. आता त्याचा हेडफोन एका बाजूने मुका झाला होता आणि मशीन नुसतं पडून होतं.

"आणि रविवारी तुम्ही सगळे येणारच आहात आमच्याकडे. तेव्हा तुमच्या भाचीला पण बसवते त्याच्यावर. लग्नाचं टेन्शन चेहऱ्यावर दिसतं हो तिच्या," त्या म्हणाल्या. बोलण्यात नुसती माया होती.

माझ्या भाचीला, दादाच्या मुलीला, लहानपणापासून फिट यायच्या. वहिनी ती शाळेत जायच्या आधीच गेली, म्हणून दवाखान्याच्या फेऱ्या माझ्याच. मेंदूचा आलेख काढताना डोळ्यांसमोर दिव्याची उघडझाप करतात. ती तेरा वर्षांची असताना त्या खोलीत मी तिच्या पायाशी उभी होते. दिवा भरभर लुकलुकायला लागला तसा आधी तिचा अंगठा उडाला, मग मनगट, आणि मग जे झालं ते मी परत बघू शकणार नाही. डॉक्टरांनी बाहेर येऊन दादाला आणि मला दोनच गोष्टी बजावल्या. गोळी चुकवायची नाही, आणि लुकलुकत्या उजेडापासून हिला लांब ठेवायचं. असा उजेड अंगावर आलाच तर नुसते डोळे मिटून उपयोग नाही, एक डोळा तळहाताने गच्च झाकायचा. तेव्हापासून वरातीतल्या लाइटिंगसमोर आमची पोर एका डोळ्यावर हात धरून उभी राहायची. लोकांना वाटायचं, लाजते.

हे सगळं विहीणबाईंना माहीत नव्हतं. त्यांच्या मुलालाही नव्हतं. आधीच्या एका स्थळाला दादाने सगळं खरं सांगितलं होतं आणि त्या लोकांनी चहाचे कप अर्धे ठेवून निरोप घेतला होता. त्यानंतर दादाने मला समोर बसवलं, माझा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवला आणि म्हणाला, "या वेळी तू तोंड उघडायचं नाहीस. माझ्या गळ्याची शपथ आहे." आमच्या घरात शपथ घातली की विषय संपतो. शिकलीसवरलेली मी, पण दादाचा गळा म्हटल्यावर माझी जीभ टाळ्याला चिकटते. मला या गोष्टीचा अजूनही राग येतो.

त्यामुळे फोन ठेवल्यावर मी धावत वरच्या मजल्यावर दादाकडे गेले. हेंद्रेपाड्यात आम्ही एकाच इमारतीत राहतो. तो पेपर वाचत होता. सगळं ऐकून म्हणाला, "तेव्हाची गोष्ट वेगळी. इतक्या वर्षांत एक तरी फिट आलीय का? आणि ती डोकं दुखतं म्हणून सांगेल. तू उगाच आग लावू नकोस." पेपर परत तोंडासमोर गेला. भाची दारात उभी राहून ऐकत होती. "आत्या, मी सांभाळून घेईन गं," ती म्हणाली. मला तिचं सांभाळून घेणं चांगलं माहीत होतं. समोरच्याचं मन मोडू नये म्हणून ती नावडती भाजीही दोनदा वाढून घेते.

मग मी माझ्या परीने डाव मांडला. यंत्र माझ्या हातात नव्हतं, चष्मा नव्हता, पण हेडफोन होता.

शुक्रवारी विहीणबाई आणि मी उल्हासनगरला गेलो. लग्नाचा बस्ता तिथूनच घ्यायचा होता, त्यामुळे कॅम्प दोनच्या बाजारगल्ल्यांत ब्लाउजपीस आणि आहेराच्या साड्या बघून झाल्यावर विहीणबाई मला एका इलेक्ट्रॉनिकच्या दुकानात घेऊन गेल्या. दुकान कसलं, दोन भिंतींमधली फट. छतापासून माळा लटकाव्यात तसे हेडफोन लटकत होते. मालक सिंधी, चष्मा कपाळावर, एकाच वेळी तीन गिऱ्हाइकांशी बोलणारा.

मी पहिल्यांदा विचारलं, "तुम्ही चष्मा आणलाय का बरोबर?"

"नाही बाई, घरीच आहे. कशाला हवा?"

"काही नाही, असंच," मी म्हणाले. मला जरा धीर आला.

"दीदी, ये कानवाला ले जाओ, एकदम सस्ता," मालकाने कानात खुपसायचे इअरफोन पुढे केले. मला त्यांचीच भीती होती, कारण ते कोणत्याही चष्म्याखाली बसतात. मी जाणकाराचा आवाज काढला. आडवं पडलं की हे कानात टोचतात, अर्ध्या तासात निसटतात, शिवाय सगळ्या घराने वापरायची वस्तू कानात घालणं बरं नाही. यातलं एकही खोटं नव्हतं. विहीणबाईंनी तोंड वाकडं केलं आणि इअरफोन परत गेले.

मग ब्लूटूथचा आला. तो मी एका वाक्यात उडवला. बिनवायरीचा आवाज थोडा उशिरा पोचतो, दिवे आधी लुकलुकणार आणि ठेका मागून येणार, मग कसली शांती? मालकाने माझ्याकडे जरा आदराने बघितलं. मी पिना तपासल्या. फोनसाठीच्या माइकवाल्या पिनेवर एक पट्टी जास्त असते, जुन्या डबीत ती धड बसत नाही आणि आवाज घोळतो. मग मोबाइलवर एक टेस्ट लावून डावा-उजवा कान वेगळा वाजतो की नाही ते पाहिलं. या यंत्रात दोन्ही कानांत किंचित वेगळा सूर सोडतात, म्हणून दोन्ही बाजू सारख्या जिवंत हव्यात. मनात चोर असताना मी इतकी मन लावून काम करत होते, याचं आता हसू येतं.

खरा योग्य हेडफोन मला दिसला होता. हलका, पातळ पट्टीचा, कानावर नुसता टेकणारा, स्पंजच्या गाद्यांचा. स्वस्तही होता. चष्म्याच्या काड्या त्याखालून सहज गेल्या असत्या. माझ्या नोकरीत, परदेशी डॉक्टरांची बडबड ऐकून टाइप करताना, मी असलाच वापरायचे आणि माझा चष्मा दिवसभर जागेवर असायचा. मी त्याच्याकडे पाठ केली.

"तो वरचा काढा," मी म्हणाले. तो जाडजूड होता, कान अख्खा गिळून टाकणारा, काळ्या रेक्झिनच्या टम्म गाद्यांचा. डोक्यावर चढवला आणि दुकानातला सगळा गोंगाट बंद झाला. गाद्या गालफडं आवळत होत्या. विहीणबाईंनी फोटो पाठवलेला तो चष्मा मी नीट बघितला होता, त्याच्या काड्या बोटभर जाड होत्या. या हेडफोनखाली त्या बसणं शक्यच नव्हतं. चष्मा नाकावरून उचलला जाणार, उजेड बाजूने सांडणार, आणि रविवारी सगळे म्हणणार, जाऊ दे, नंतर बघू.

"हा घ्या. बाहेरचा आवाज आत येत नाही, आतला बाहेर जात नाही. या भावात असा मिळणार नाही," मी म्हणाले.

"दीदी को माल की पहचान है," मालक म्हणाला आणि लगेच किंमत कमी करायला नकार दिला. विहीणबाईंनी भांडून थोडी कमी करून घेतलीच. बाहेर आल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला. "तुम्ही होतात म्हणून, नाहीतर मला फसवलं असतं." मी रस्त्याकडे बघत राहिले.

रविवारी आम्ही तिघं अंबरनाथला त्यांच्या घरी गेलो. जेवण झालं, आहेराच्या साड्या मांडून झाल्या. मी हळूहळू निर्धास्त व्हायला लागले होते. तेवढ्यात होणारा जावई आतून यंत्र घेऊन आला. मुलगा गुणी आहे, आनंदनगरच्या एमआयडीसीत मशीन दुरुस्तीचं काम करतो आणि घरातली कोणतीही वस्तू नादुरुस्त राहिलेली त्याला खपत नाही.

"आत्या, तुमचा हेडफोन एक नंबर आहे," तो म्हणाला. "फक्त चष्म्याच्या काड्या आडव्या येत होत्या. मग मी काड्याच काढून टाकल्या."

त्याने चष्मा उचलून दाखवला. काड्यांच्या जागी त्याने रुंद इलॅस्टिक शिवलं होतं. पोहताना लावतात तसा तो आता डोक्यामागून घट्ट बसणार होता. वर ते इलॅस्टिक हेडफोनच्या पट्टीखाली दाबलं जाणार होतं. "आता हलणार पण नाही आणि उजेडाची फट पण नाही," तो अभिमानाने म्हणाला.

साध्या काड्यांचा चष्मा पोरीने एका झटक्यात काढून फेकला असता. हा काढायला आधी हेडफोन, मग इलॅस्टिक, मग केसांतल्या पिना. आणि तळहाताने डोळा झाकायचा तर चष्मा मध्ये. ही करामत त्याची, पण त्याला ती करायला मी लावली होती.

"काकू, माझं ना सकाळपासून डोकं दुखतंय," भाची म्हणाली. ठरल्याप्रमाणेच म्हणाली.

"अगं, डोकेदुखीवर तर रामबाण आहे हे!" विहीणबाईंनी तिला दिवाणावर बसवून पाठीशी उशी दिली सुद्धा.

मी दादाकडे बघितलं. त्याने मान हलवावी, काहीतरी निमित्त काढावं, एवढंच मला हवं होतं. तो सोफ्यावर ताठ बसला होता. "बस गं पाच मिनिटं," तो भाचीला म्हणाला, "काकूंनी एवढ्या हौसेने आणलंय." त्याचा आवाज नेहमीपेक्षा गोड होता. मग त्याने माझ्याकडे पाहून गळ्यावरून हात फिरवला, घाम पुसल्यासारखा. मला त्याचा अर्थ कळला आणि मला त्याचा असा संताप आला की हातातला पाण्याचा पेला मला खाली ठेवावा लागला.

चष्मा चढला. हेडफोन चढला. भाचीने दोन्ही हात मांडीवर ठेवले. जावयाने डबीवरचं बटण दाबलं.

चष्म्याच्या कडेने काही दिसत नव्हतं, त्याने फट ठेवलीच नव्हती. फक्त चष्मा नाकावर टेकतो तिथे एक लाल ठिपका लागत आणि विझत होता. आधी सावकाश. मग जरा भरभर. मी दिवाणाच्या मागे जाऊन उभी राहिले आणि तिच्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "काढ ते. काढ." ती हलली नाही. मी थोडं मोठ्याने म्हणाले. तरी नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिला ऐकूच येत नाहीये. बाहेरचा आवाज आत येत नाही, हे सांगून मीच तो विकत घ्यायला लावला होता.

मी तिच्या खांद्याला हात लावायला गेले तर विहीणबाईंनी माझं मनगट धरलं. "ताई, मध्येच हात लावू नका. दचकते माणूस, मग डोकं धरतं. मला अनुभव आहे."

"बंद करा हो ते," मी म्हणाले.

"पाच मिनिटांचा तर प्रोग्रॅम आहे."

"बंद करा म्हणते ना!"

"अगं, बस ना तू," दादा म्हणाला.

लाल ठिपका आता इतका भरभर लुकलुकत होता की तो एकसंध वाटायला लागला. माझी नजर भाचीच्या हातांवर होती. उजवा अंगठा उडाला. किंचितच. दुसऱ्या कोणाला वाटलं असतं, ठेका धरलाय. मग परत उडाला.

"तिला फिट येतात!" मी ओरडले. "उजेडाने येतात तिला, लहानपणापासून! बंद कर ते, बंद कर!"

शेजारच्या घरातला टीव्ही कोणीतरी बारीक केला, इतकी मी ओरडले होते. जावयाने बटण शोधण्यात वेळ घालवला नाही. त्याने वायरी धरून डबीतून ओढून काढल्या. ठिपका विझला. माझं मनगट अजून विहीणबाईंच्या हातात होतं, ते त्यांनी सोडलं. दादा डोळे मिटून बसला होता. त्या खोलीत माझं बोलणं सगळ्यांनी ऐकलं होतं, जिच्याबद्दल होतं ती सोडून.

भाचीने हेडफोन उतरवला. जावयाने इलॅस्टिक पिनांतून सोडवलं. तिने डोळे चोळले, अंगठा मुठीत धरला आणि आमच्या तोंडांकडे बघत विचारलं, "काय झालं?"

विहीणबाईंनी उलट विचारलं, "तुला फिट येतात?"

तिने आधी वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हो," ती म्हणाली.

"मग बसलीस कशाला यावर? माझ्या घरात, माझ्या हाताने तुला काही झालं असतं म्हणजे?" विहीणबाईंचा आवाज चिरकला. त्या रागावल्या होत्या की घाबरल्या होत्या, मला कळेना.

"नाही म्हटलं असतं तर तुम्ही कारण विचारलं असतं, काकू."

जावई तिच्यासमोर जमिनीवरच बसला होता. "गोळ्या चालू आहेत ना पण?" त्याने विचारलं.

"साखरपुड्यापासून बंद केल्यात."

"कोणी सांगितलं बंद करायला? डॉक्टरांनी?"

तिची नजर परत वडिलांकडे गेली. मग म्हणाली, "लग्नानंतर इथे कोणाला सापडायला नकोत ना. म्हणून आधीपासूनच सवय मोडायची, असं ठरलं."

हे मला माहीत नव्हतं. मी रोज तिला भेटत होते, गोळ्या घेतेस ना म्हणून विचारत होते, ती हो म्हणत होती. मी ज्या भरवशावर इतके दिवस बसले होते तो भरवसा कधीच काढून घेतलेला होता. मी दादाकडे वळले. मला त्याला खूप काही बोलायचं होतं. तो म्हातारा दिसत होता.

"आम्हाला फसवलंत तुम्ही," विहीणबाई त्याला म्हणाल्या. ओरडल्या नाहीत, नुसतं म्हणाल्या.

दादा उठला. दारापाशी जाऊन चपलेत पाय घातले. "चला," तो म्हणाला. मी उठले. आमच्याकडे तो चला म्हणाला की सगळे उठतात. भाची उठली नाही.

"पप्पा, तुम्ही व्हा पुढे. मी यांना सगळं सांगून येते."

"काय सांगायचं राहिलंय आता?"

"खूप राहिलंय," ती म्हणाली. ती रडत नव्हती. तिने पदर सारखा केला आणि थेट विहीणबाईंकडे तोंड करून बोलायला लागली. दादा एक चप्पल घालून दारातच उभा राहिला. त्यालाही जाता येईना.

"काकू, मी मागच्या वेळी आले तेव्हाच तुमचं बाथरूम बघितलं. आतून कडी आहे. आमच्याकडची पप्पांनी मी शाळेत असतानाच काढून टाकली, मी आत पडले तर दार फोडावं लागू नये म्हणून. इतकी वर्षं मी नुसतं दार लोटून आंघोळ करते आणि बाहेर आत्या नाहीतर पप्पा असतात. इथे आल्यावर मला कडी लावावी लागणार. नाही लावली तर तुम्ही म्हणणार, ही कसली मुलगी. आणि लावली तर... मला लग्नाचं दुसरं कसलंच टेन्शन नव्हतं. तुम्हाला माझ्या चेहऱ्यावर दिसायचं ना, ते एवढंच होतं."

विहीणबाईंनी दिवाणावर पडलेला हेडफोन उचलून बाजूला ठेवला आणि तिच्याजवळ बसल्या.

मग म्हणाल्या, "कडी नको लावूस."